तळणीच्या भांड्यांचे किटण

तळणीची कढई, झारा आणि आता घरोघरी येऊ लागलेला विजेवरचा फ्रायर यांच्यावर बसणाऱ्या मेणचट, काळपट थराला किटण म्हणतात. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत शेवभाजीसाठीची शेव, भजी, अखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) पापड-कुरडया अशी तळणी वर्षभर चालूच असते, त्यामुळे किटणही भरपूर.

साबणाने ते निघत नाही, कारण ते आता तेल उरलेलेच नसते. तापलेल्या तेलाचा पातळ थर हवेतला ऑक्सिजन घेतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वार्निशसारखा पापुद्रा तयार होतो. कापसाच्या या मुलखातले सरकीचे तेल त्यात पुढे: त्यातले जवळपास निम्मे मेदाम्ल लिनोलेइक, म्हणजे ऑक्सिजन पटकन घेणारे असते, म्हणून ते शेंगदाणा तेलापेक्षा लवकर चिकट होते. तळाशी जळलेला बेसनाचा चुरा त्यात भर घालतो.

जुना उपाय चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. तो अडाणी मुळीच नव्हता. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओल्या राखेतला हा क्षार चरबी फोडतो, बारीक कण खरवडतात. लोखंडी कढईला हे उत्तम. मात्र तिचा आतला काळा थर घासून काढू नये. तोही तेलाचाच, पण नीट मुरलेला. त्याने गंज लागत नाही. (बाहेरून किटण, आतून मुरवण. फरक एवढाच!)

चूल गेली, राख गेली. त्या जागी धुण्याचा सोडा आला. पाण्यात सोडा घालून स्टीलचे भांडे मंद उकळले की पापुद्रा सुटतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, तिथेही सोडा उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमला मात्र तो वर्ज्य: क्षाराने हा धातू खाल्ला जातो आणि काळा पडतो. अनेक फ्रायरची आतली बादली लेप दिलेल्या ॲल्युमिनियमचीच असते. तिथे राख, सोडा, तारेची घासणी यांपैकी काहीच नको. भांड्यांचा पातळ साबण घातलेले गरम पाणी तासभर भरून ठेवावे आणि मऊ कापडाने पुसावे.

फ्रायरचा प्लग आधी काढावा, तेल पूर्ण निवू द्यावे. तापणारी कॉइल व वायर मोरीत बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जाळी वेगळी भिजवावी. शेवटी सगळे खडखडीत वाळवणे सर्वांत महत्त्वाचे: थेंबभर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते, आणि तापलेले तेल अंगावर उडते.

काढलेले तेल मोरीत ओतू नये, गारठ्यात ते नळीत थिजून बसते. गाळून बाटलीत भरावे. पुन्हा किती वापरायचे, याला उपाहारगृहांसाठी नियम आहे: १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडले की त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल तळणीस चालत नाही. घरी मोजण्याचे साधन नसते. तेल दाट झाले, फेसाळले, लवकर धुरावले की ते संपले.