तांबी की इंजेक्शन? आधी पाळीचा हिशोब मांडा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की झोके, गौराई, सांजोऱ्या सगळं आटोपल्यावर दुपारी ओट्यावर ज्या गप्पा बसतात त्यात हा विषय हटकून निघतो. एकीचं बाळ दीड वर्षाचं, एवढ्यात दुसरं नकोय, दुसरीला दोन झालीत पण ऑपरेशनला मन होत नाही, मग कोणी म्हणतं तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसव, लगेच दुसरी म्हणते नको बाई तांबीनं रक्त फार जातं, मग ते तीन महिन्यांचं इंजेक्शन घे, तर जेठाणी म्हणते ते हार्मोनचं असतं, अंग सुटतं, नंतर मूल होत नाही. शेवटी काहीच ठरत नाही आणि महिन्याभरानं कोणीतरी मेडिकलवर आय-पिल, म्हणजे संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी, घ्यायला नवऱ्याला पाठवते.

हार्मोन म्हणजे वाईट आणि बिनहार्मोनचं म्हणजे नैसर्गिक अशी वाटणी आपण करून टाकलीय, पण ती निवडायला काही कामाची नाही. माझ्या मते पहिला प्रश्न पाळीचा विचारायचा. किती दिवस जातं, गाठी पडतात का, आणि हिमोग्लोबिन किती आहे. कारण दोन्ही प्रकारांत बाईच्या अंगाला रोजचा जाणवणारा सगळ्यात मोठा फरक तोच आहे, तांब्याचं साधन रक्तस्राव वाढवतं आणि हार्मोनचं साधन तो कमी करतं किंवा अनियमित करतं. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

आधी तांबी. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या मिळतात, ३८० ए ही १० वर्षांची आणि ३७५ ही ५ वर्षांची. ३८० म्हणजे तिच्यावरच्या तांब्याचं क्षेत्रफळ, ३८० चौरस मिलिमीटर. प्लास्टिकच्या टी आकाराच्या काडीवर तांब्याची तार आणि पट्ट्या असतात, त्यातून तांब्याचे कण अगदी थोडे थोडे गर्भपिशवीत सुटत राहतात आणि ते शुक्राणूंना घातक असतात, त्यांची हालचाल मंदावते, बीजापर्यंत पोचणंच अवघड होतं. म्हणजे मुख्य काम गर्भ राहण्याच्या आधीच होऊन जातं. तांबी दर महिन्याला गर्भ पाडते असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी चिलीतल्या हाइमे झिपर या डॉक्टरांनी सशांच्या गर्भाशयात तांब्याची तार ठेवून हा परिणाम पाहिला, अमेरिकेतल्या हॉवर्ड टेटम यांनी टी आकार आधीच तयार केला होता, दोन्ही एकत्र आलं आणि आजची तांबी झाली. पहिल्या वर्षात हजार बायकांमागे साधारण ८ जणींना दिवस राहतात, इतकी ती भरवशाची आहे.

मग आपल्या आज्या-सासवा तिच्या नावानं एवढ्या घाबरतात का? त्याला कारण आहे. १९६५ मध्ये सरकारनं देशभर लूप बसवायची मोहीम काढली, तो लिपीज लूप म्हणजे प्लास्टिकची नागमोडी वस्तू, त्यात तांबं नव्हतं. कॅम्प लावून, टार्गेट ठेवून बसवले, पण नंतर रक्त गेलं, दुखलं तर बघायला कोणी नव्हतं. बायकांनी जे भोगलं तेच त्यांनी लेकी-सुनांना सांगितलं, त्यांना अडाणी म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. फक्त आजची वस्तू वेगळी आहे एवढं लक्षात घ्यावं. तांबी छातीत चढते हे मात्र होऊच शकत नाही, गर्भपिशवीतून छातीकडे रस्ताच नाही. बसवताना पिशवीला छिद्र पडून ती पोटात सरकणं हा खरा धोका आहे, पण तो हजारात एखाद्या वेळी. आपोआप निसटून बाहेर येणं जास्त घडतं, म्हणून पाळीनंतर दोरा हाताला लागतोय का ते बघायला सिस्टर सांगतात.

आता रक्ताचा हिशोब. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त धरतात. ४० मिलिलिटर रक्त गेलं आणि हिमोग्लोबिन ११ असेल तर त्यासोबत साधारण १५ मिलिग्रॅम लोह अंगातून बाहेर पडतं. तांबीनं रक्तस्राव निम्म्यानं वाढला, आणि तो तेवढा वाढू शकतो, तर तेच २२ मिलिग्रॅम होतं, दर महिन्याला. बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी रोज खाल्ली तरी भाजी-धान्यातलं लोह अंगाला फार थोडं लागतं, त्यात जेवणावर लगेच चहा असेल तर आणखी कमी. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे ओट्यावर बसलेल्या दोघींपैकी एकीचं रक्त कमी आहेच. जिची पाळी तीन-चार दिवसांची, बेताची, हिमोग्लोबिन १२ च्या आसपास, तिला तांबी उत्तम. पहिले तीन ते सहा महिने जास्त जातं, कंबर दुखते, मग बऱ्याच जणींचं बसतं. पण जिचं आधीच सात-आठ दिवस जातं आणि जी कापूस वेचता वेचता चक्कर येऊन खाली बसते तिला, डोळे झाकून, फुकट आहे म्हणून तांबी बसवून देणं मला बरोबर वाटत नाही. मनाई नाही, पण लोहाच्या गोळ्या आणि तपासणी सोबत हवी, आणि दुसरा पर्याय आहे हे तिला सांगायला हवं.

दुसरा पर्याय म्हणजे हार्मोन. इथे घाबरण्याआधी प्रमाण बघा. हार्मोनची एक तांबीसारखीच वस्तू असते, टी आकाराचीच, तिच्या दांडीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन भरलेलं असतं, ५२ मिलिग्रॅम. ते सुरुवातीला रोज २० मायक्रोग्रॅम सुटतं आणि बहुतेक काम गर्भपिशवीतच करतं, तोंडाकडचा चिकट स्राव घट्ट होतो, आतलं अस्तर पातळ राहतं. आता आय-पिलच्या एका गोळीत हेच हार्मोन १५०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत त्या वस्तूचा साधारण ७५ दिवसांचा डोस एका घोटात जातो. अडीअडचणीला ती गोळी सुरक्षित आहे, तिला नावं ठेवत नाहीये मी, पण महिन्यातून दोनदा ती घेणारी बाई "हार्मोन नको" म्हणून बाकी सगळं नाकारत असेल तर तिला कोणी हिशोब समजावून सांगितलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. या वस्तूनं पाळीचं रक्त सहा महिने ते वर्षात ९० टक्क्यांपर्यंत कमी होतं, म्हणून ज्यांचं अंगावरून फार जातं त्यांना गर्भपिशवी काढायच्या आधी डॉक्टर हीच सुचवतात. खान्देशात चाळिशीच्या आतच पिशवी काढलेल्या बायका गावोगाव भेटतात, त्यातल्या किती जणींना हा मार्ग आधी सांगितला होता असं मला नेहमी वाटतं. अडचण पैशाची, सरकारी दवाखान्यात ती सहसा मोफत मिळत नाही, खासगीत काही हजार रुपये लागतात.

मोफत मिळतं ते अंतरा. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेलं हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, बीज तयार होणंच थांबतं. वेळेवर घेतलं तर वर्षात हजारात दोघींना दिवस राहतात, पण तारखा चुकतात, आणि चुका धरल्या तर शंभरात चार. यात सगळ्यांना खटकतं ते पाळीचं. आधी मधेच डाग लागतात, आणि वर्षभरात जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते. मग आमच्याकडे लगेच विचारतात, "पाळी बंद व्हई गई, मंग ते रगत कोठे जास वं माय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ते रक्त तयारच होत नाही. दर महिन्याला गर्भपिशवीत अस्तर जाड होतं आणि दिवस राहिले नाहीत की ते गळून पडतं, ती पाळी. इंजेक्शननं अस्तर वाढतच नाही. कापूस लावलाच नाही त्या वावरात वेचणी कशाची करणार. पोटात काही साठत नाही, डोक्यात चढत नाही, आणि रक्त कमी असलेल्या बाईला तर याचा फायदाच होतो.

पण अंतराची दुसरी बाजूही पुरती सांगायला हवी. वजन वर्षाला सरासरी एक-दोन किलो वाढतं, हाडं थोडी विरळ होतात आणि बंद केल्यावर पुन्हा भरून येतात. आणि मूल हवं झालं की लगेच होत नाही, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात, काहींना जास्त. कायमचं वांझपण येत नाही. पण "पुढच्या वर्षी दुसरं हवंय" असं जिचं ठरलंय तिनं हे आधी माहीत करून घ्यावं, नाहीतर सहा महिने झाले तरी काही नाही म्हणून घरात तिलाच बोल लागतात. १९८० च्या दशकात महिला संघटनांनी इंजेक्शनांना कडाडून विरोध केला, तेव्हा बायकांना पूर्ण माहिती न देता हे टोचलं जाईल ही त्यांची मोठी भीती होती. तो मुद्दा आजही शिल्लक आहे.

नंदुरबारकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे तारीख गाठणं कठीण. इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेता येतं आणि चार आठवडे उशिरापर्यंत चालतं, म्हणजे निघण्याआधी घेऊन जाता येतं. कार्ड सोबत ठेवलं की दुसऱ्या गावातही देतात. तरी सहा-सात महिने बाहेरच राहणार असाल तर अंगात बसवलेलं साधन जास्त सोयीचं. तसंच एक दंडात बसवायचं इम्प्लांट, काडेपेटीच्या काडीएवढं, तीन वर्षांचं, हजारात एकीलाही दिवस राहत नाहीत इतकं पक्कं. आपल्याकडे ते सरकारी कार्यक्रमात काही राज्यांत निवडक जिल्ह्यांतच सुरू झालंय, आपल्या सिव्हिलला विचारून बघा. त्यानं पाळी बेभरवशाची होते, कधी डाग तर कधी काहीच नाही.

छाया गोळीबद्दल थोडक्यात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं तयार केलेली, तिच्यात हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. अंगावर दूध पिणारं बाळ असेल तरी चालते. पण वार लक्षात ठेवावे लागतात, तांबी किंवा इम्प्लांटसारखं बसवलं आणि विसरलं असं तिचं नाही.

आता ज्यावर मला जास्त बोलायचंय ते सिकलसेल. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बऱ्याच घरांत आहे. या आजारात रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, असह्य दुखतं, आणि गरोदरपण आईसाठी धोक्याचं असतं, त्यामुळे पाळणा लांबवणं हा इथे थेट जिवाचा प्रश्न होतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्या, म्हणजे माला-एन सारख्या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतात म्हणून या बायकांनी त्या स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. तांबी चालते, पण मुळात रक्त कमी, त्यात जास्त जायला लागलं तर पंचाईत. इस्ट्रोजेन नसलेली, फक्त प्रोजेस्टिन या दुसऱ्या हार्मोनची साधनं, म्हणजे अंतरा, इम्प्लांट किंवा हार्मोनची ती टी आकाराची वस्तू, इथे बहुधा बरी पडतात, आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शननं दुखण्याचे झटके कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. तरी निर्णय डॉक्टरांसोबतच. म्हणून सिकलसेलचं कार्ड असेल तर ते सिस्टरपुढे आधी ठेवा, विचारायची वाट पाहू नका. आणि हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असेल तर भरवशाचं साधन हवंच, त्या औषधावर असताना दिवस राहू देऊ नयेत असंच सांगतात.

आणखी काही गोष्टी ज्या विचारल्या नाहीत तरी सांगायच्या. टीबीचा कोर्स सुरू असेल तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळ्या आणि इम्प्लांट कमी लागू पडतात, तांबी आणि अंतराला तो त्रास नाही. बीपी १४० बाय ९० च्या वर असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल तर कुठलंच हार्मोन नको, तिथे तांबीच. बाळंतपण दवाखान्यात होत असेल तर नाळ पडल्यावर १० मिनिटांत किंवा ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, पण ते कळा सुरू व्हायच्या आधी, गरोदरपणाच्या तपासणीतच ठरवून घ्यावं. कळा देणाऱ्या बाईला कागद पुढे करून सही मागणं म्हणजे तिची निवड नव्हे.

आणि हे सगळं बायकांनाच का वाचायला लावायचं? त्याच २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांत शंभरात ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, तांबी जेमतेम दोघींकडे, आणि नवऱ्याची नसबंदी हजारात तिघींच्या घरी. बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनहून सोपी असते, पोट उघडावं लागत नाही, थोडा वेळ लागतो, ताकद कमी होत नाही, केळीच्या बागेत घड वाहणाऱ्यालाही काही दिवस जड काम टाळलं की पुरतं. फक्त नंतर तीन महिने निरोध वापरून वीर्य तपासून घ्यायचं, त्याआधी भरवसा धरायचा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला १०० वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की बाईचंच. मूल आणखी नकोच असं दोघांचं पक्कं असेल तर तांबी की हार्मोन या वादात पडायच्या आधी हे घरात एकदा बोलून बघा. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून मात्र निरोधच वाचवतो, बाकी एकही साधन नाही.

साधन बसवल्यावर ताप आला, ओटीपोटात सारखं दुखू लागलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, किंवा पाळी चुकली आणि एका बाजूला दुखतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आखडत बसू नका. आणि नुसतं पटत नसेल, रक्त सहन होत नसेल, मन बदललं असेल, तरी तांबी काढून मागायला तेवढं कारण पुरतं. आणखी सहा महिने बघा असं कोणी म्हटलं तर ते ऐकायचं की नाही हे तुमच्यावर आहे. काढायला काही मिनिटं लागतात, आणि दिवस त्याच महिन्यातही राहू शकतात, म्हणून पुढचं साधन कोणतं ते काढायच्या आधीच ठरवून जा.