जांभळा इन्सुलेटर: उन्हाने रंगलेला की रेडिएशनने?

अमेरिकेत रेल्वेलाईनच्या कडेने तारांचे खांब असायचे, त्यावर लाकडी खुंटीला आट्यांनी फिरवून बसवलेले, तारेतली वीज खांबात न जाऊ देणारे काचेचे इन्सुलेटर आज लोक आवडीने जमवतात, आणि नवीन माणूस हमखास फसतो तो जांभळ्या रंगाला.

मुळात ही काच जांभळी नसायचीच. वाळूत लोखंडाचा अंश असतो त्यामुळे काचेला हिरवट-निळसर झाक येते, ती घालवायला काचवाले वितळलेल्या काचेत थोडं मँगनीज टाकायचे आणि काच पांढरी, म्हणजे बिनरंगी पारदर्शक निघायची. मग तीच काच खांबावर वर्षानुवर्षं उन्हात तापली की अल्ट्राव्हायोलेट किरणांमुळे मँगनीजचा एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि काच हळूहळू जांभळी होते. व्हिटॉल टेटम कंपनीचा नंबर १ इन्सुलेटर असा बराच सापडतो. जांभूळ खाऊन थोड्या वेळाने जिभेवर राहतो ना, तसा फिकट रंग.

दुसरा प्रकार म्हणजे तसलाच पांढरा पीस गॅमा किरणांत ठेवायचा, बस, उन्हाला जे करायला अनेक वर्षं लागली ते थोडक्या वेळात होतं आणि रंग वांग्यासारखा गडद येतो.

अडचण अशी की आतलं रसायन दोन्हीकडे एकच. कोणी सांगेल भट्टीत तापवून बघा, रंग गेला तर खोटा, तर तसं अजिबात करू नका, खरा उन्हाचा रंगसुद्धा तापवल्यावर जातो!

मी पीस पांढऱ्या कागदासमोर धरून खिडकीत सावकाश फिरवतो. उन्हाच्या पिसात बऱ्याचदा एक बाजू जरा जास्त जांभळी आणि दुसरी फिकी दिसते, म्हणजे ऊन कुठून यायचं ते कळतं, बघायला फार सुंदर वाटतं. सगळीकडून सारखाच गडद असेल तर मला शंका येते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, काचेवरचं नाव वाचा. हेमिंग्रे कंपनीचा नंबर ४२ आणि व्हिटॉल टेटम १ दोघांचा आकार एकच, सीडी १५४ (जमवणारे आकाराला देतात तो क्रमांक), पण हेमिंग्रे बहुतेक निळसर असतो, तो कोणी गडद जांभळा आणून जास्त पैसे मागितले तर आधी चौकशी करा.

रेडिएशनवाला पीस ठेवायला माझी हरकत नाही, दिसतो छानच, फक्त विकताना तसं स्पष्ट सांगायला हवं. माझ्याकडे एक आहे, त्याच्या आतल्या आट्यांत मी चिठ्ठी गुंडाळून ठेवलीये, "किरणांनी रंगवलेला".