जिप्सी घ्यायची तर आधी खाली वाका

नागपूरच्या कामठी रोडवरच्या एका यार्डात जुनी मारुती जिप्सी पाहायला गेलो होतो. गाडी देखणी होती. हिरवा रंग चकाचक, चारही टायर नवे, बॉनेटखाली बोट फिरवलं तर धूळ नाही. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. मी मनातल्या मनात टपावर कॅरिअरसुद्धा चढवून टाकलं. सोबत आणलेले मिस्त्री मात्र केव्हाच पोतं अंथरून गाडीखाली शिरले होते.

"वरून काय पाहून राहिले भाऊ? इंजिन उद्या उतरवून दुसरं ठेवता येते. इकडं या."

वाकलो. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, काळ्या रबरी कोटिंगचा ताजा थर होता. मागचा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) चासीला जिथे टांगतात त्या हँगरजवळ मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, तळहाताने एक हलका ठोसा दिला. निम्मं टोक आत. पापडात जावं तसं.

ती गाडी सोडली, पण प्रश्न काही सुटेना. गाडी गंजायची ती कोकणात, खाऱ्या हवेत, ही आपली पक्की समजूत. एमएच ०८ पासिंगची गाडी दिसली की आपण हातभर लांब राहतो आणि एमएच ३१ किंवा ४० दिसली की निश्चिंत होतो. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. इथे लोखंडाला ओल मिळते कुठून?

ती येते काळ्या मातीतून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले. सेमिनरी हिल्सचा काळा दगड त्यातलाच. हा दगड कुजून जी रेगड माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण वहीच्या पानांसारखे थरावर थर असतात आणि पाणी थेट त्या पानांच्या मधे शिरतं. म्हणून ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हा गुण हवाच असतो, कारण पाऊस उघडला तरी ओल टिकते. हीच माती चासीच्या पोकळीत जाऊन बसली की तिथेही ओल टिकते.

आता गंजाचं पाहू. लोखंड गंजतं तेव्हा पत्र्यावर एक छोटीशी बॅटरीच चालू होते. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन तेच इलेक्ट्रॉन घेतो. आपल्याला वाटतं, जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. होतं उलट. ओल्या चिखलाच्या ढेकळाखाली ऑक्सिजन कमी पोचतो, कडेला भरपूर मिळतो. अशा वेळी कड इलेक्ट्रॉन घेण्याचं काम करते आणि झिजते ती ढेकळाखालची जागा. तांबडा गंज कडेला दिसतो, पत्रा खाल्ला जातो मध्यभागी. वरून रबरी कोटिंग मारलं की तेही दिसत नाही, आणि आतली ओल मात्र आतच कोंडली जाते. म्हणून जुन्या गाडीखाली ताजं कोटिंग दिसलं की मला शंका येते. विकायच्या आदल्या आठवड्यात कुणाला गाडीच्या तळाची एवढी माया कशी काय आली?

जिप्सीची चासी म्हणजे पेटीसारख्या आकाराच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. दोन चाकांच्या मधे वजन बसलं की तुळईचा वरचा पत्रा दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. तडा ताणाच्या बाजूला उघडतो. आणि माती बसते कुठे? आतल्या बाजूने, त्याच खालच्या पत्र्यावर. म्हणजे जिथे ताण आहे नेमकं तिथेच लोखंड पातळ होत जातं. त्यावर आपण विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र), जाड बंपर, टपावर टायर आणि चार मित्र चढवायला निघालेले असतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. स्वतः दुरुस्त करत वापरायला जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी गाडी, घ्यायची असेल तर धूर काढणारं इंजिन चालेल, उडालेला रंग चालेल, फाटलेलं कापडी हूड तर हक्काने चालेल, कारण भाव पाडता येतो. चासी मात्र ठणठणीत हवी. कायद्याच्या नजरेतही गाडीची ओळख चासी नंबरच असते, तो तुळईवर ठोकलेला असतो. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करून घेता येते. चासी बदलायची म्हटलं की ती गाडी कोणती, हाच प्रश्न उभा राहतो. तेव्हा आरसी हातात घेऊन तो नंबर बोटाने चाचपून वाचावा. आजूबाजूला वेल्डिंगचा डाग किंवा ग्राइंडरचे ओरखडे असतील तर चहा पिऊन घरी यावं.

तपासायला फार काही लागत नाही. अर्धा किलोचा हातोडा घ्या आणि चासीवर टोकापासून टोकापर्यंत टकटक करत जा. धड पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. बॉडीवर कापडात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. पुट्टी जाड असेल तिथे त्याची पकड सुटते. मग पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खटखट आली तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) गेलेलं आहे. जिप्सीत हे दुखणं घरोघरी आहे, दुरुस्तीही अवघड नाही. घासाघीस करताना उपयोगी पडतं.

आपल्याकडे बाजारात येणाऱ्या बऱ्याच जिप्सी पेंच, ताडोबा, उमरेडच्या सफारीत फिरलेल्या असतात. त्यांचा मीटर वेगळ्या डोळ्यांनी वाचावा लागतो. जंगलात गाडी ताशी वीसच्या आसपास चालते. मीटर ६० हजार किलोमीटर दाखवत असेल तर इंजिन ३ हजार तास चाललेलं आहे. वर्धा रोडवर ताशी ६० ने तेवढेच तास चाललेली गाडी १ लाख ८० हजार दाखवेल. शिवाय धूळ. धुळीतले क्वार्ट्झचे कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात आणि फिल्टर ढिला असला तर सिलिंडरला पॉलिश पेपरसारखे घासतात. एअर फिल्टर काढून त्याच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोट घाला. बोटाला कचकच लागली तर इंजिनाच्या कामाचे पैसे भावातून आधीच वजा करा.

जिप्सीच का? पर्याय आहेत. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली आणि त्या वंशातल्या डिझेल जीपा अजून गावोगाव चालतात. त्या दणकट आहेत, पण जड आहेत. २०१० च्या थारमध्ये कॉमन रेल इंजिन आलं. त्यात डिझेल हजार बारहून जास्त दाबाने फिरतं, तिथे घरच्या पान्याने हात घालू नये. जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिन घेऊन आली, पुढे १३०० सीसीची झाली आणि २०१८-१९ पर्यंत जवळपास त्याच रूपात बनत राहिली. वजन टनाच्या आतबाहेर. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळा, त्यामुळे एक काढायला दुसरा उतरवावा लागत नाही. चारही बाजूंना पाटे. घरच्या अंगणात शिकायला यापेक्षा साधी गाडी मला तरी माहीत नाही.

गाडी घरी आली की पहिला मोह मोठ्या टायरचा. मूळचा २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६.८ सेंमी. हौशी मंडळी घालतात २३५/७५, तो ७३.४ सेंमी, म्हणजे दहा टक्के मोठा. गाडी उचलली जाते व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने, फक्त ३.३ सेंमी. बदल्यात जमिनीवर मिळणारी ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, तेवढ्याच थांबण्यासाठी ब्रेकला दहा टक्के जास्त जोर लागतो आणि मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ वर असते. चिखलात मूळ टायरची हवा कमी करून पाहा. एका चाकावर साधारण २९० किलो भार आणि हवा २८ पीएसआय असेल तर टायर जमिनीला टेकतो अंदाजे १४५ चौरस सेंमी. १५ पीएसआयला तोच टेका २७५ होतो. खर्च शून्य, फक्त डांबरी रस्त्यावर येण्याआधी पुन्हा हवा भरायची.

दुसरी गोष्ट रेडिएटर. तो उष्णता फेकतो ती पाण्याच्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. पाणी ९० अंशांवर असेल तर ३८ अंशांच्या पुण्यात फरक ५२ चा, आपल्याकडे ४५ चा. तोच रेडिएटर, आणि काम १३ टक्के कमी. त्यात बोअरचं पाणी ओतायची सवय. त्याचा क्षार नळ्यांत धरतो आणि तो क्षार तांब्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही उष्णता वाहून नेत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढंच घाला. जाळीपुढे भलेमोठे दिवे लावून वारा अडवू नका.

बाकी हौसेला कायद्याची वेस आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. बंपरपुढे लावायच्या लोखंडी दांड्यांवर, म्हणजे बुल बारवर, तर केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं.

पुढे मी घेतलेली जिप्सी दिसायला अगदीच गरीब होती. रंग भुरका, इंजिन निळा धूर सोडणारं, चासी खणखणीत. तुळईच्या खालच्या पत्र्याला पाणी निथळायला भोकं असतात, ती मातीने बुजली होती. गेल्या ऑक्टोबरात सायकलची तार घालून ती मोकळी केली. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते, अंगणातली माती भेगाळली होती. भोकातून तगारीत पडलेली माती हातात घेतली, तर तिचा अजून गोळा वळत होता.