गरम साके आणि पाच अंशांचा फरक

जपानमध्ये गरम साकेला, म्हणजे तापवलेल्या तांदळाच्या दारूला, एकच एक नाव नाही. 30 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर ती हिनाताकान, 35 ला हितोहादाकान, 40 ला नुरुकान, 45 ला जोकान, 50 ला आत्सुकान आणि 55 च्या पुढे गेली की तोबिकिरिकान. दर पाच अंशांना नवं नाव. पहिल्यांदा ऐकताना हा शौकिनांचा नखरा वाटतो. पण तापमान वाढताना जिभेवर आणि नाकात काय घडतं ते पाहिलं, की हे पाच-पाच अंश उगाच मोजलेले नाहीत हे पटतं. द्रव तापवणं सोपं असतं, ठरलेल्या अंशावर आणून थांबवणं अवघड. घरी साकेसाठी विजेचा छोटा वॉर्मर घेतात तो या दुसऱ्या कामासाठी.

आधी साकेत असतं काय, ते पाहू. तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी, म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवलेला तांदूळ. बुरशीची विकरं तांदळातल्या पिष्टाची साखर करत असतात आणि त्याच टाकीत, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. बाटलीत येते तेव्हा साकेत साधारण 15 ते 16 टक्के अल्कोहोल असतं. बुरशी पिष्टावरच थांबत नाही, तांदळातली प्रथिनंही तोडते. त्यातून अमिनो आम्लं सुटतात, आणि त्यांचं प्रमाण साकेत वाइनपेक्षा खूपच जास्त असतं. त्यांतलंच एक ग्लुटामिक आम्ल. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ते वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ म्हटलं.

गोड आणि उमामी चवींचा संदेश मेंदूकडे पाठवताना चवीच्या पेशींमध्ये टीआरपीएम5 नावाचा एक आयन-मार्ग उघडावा लागतो. हा मार्ग उष्णतेला संवेदनशील आहे. साधारण 15 ते 35 अंशांच्या टप्प्यात तापमान वाढेल तसा तो अधिक जोराने काम करतो, हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे फ्रिजमधून काढलेल्या साकेत साखर आणि अमिनो आम्लं तेवढीच असतात, जिभेला ती कमी जाणवतात इतकंच. साके 40-45 अंशांची असली तरी ओचोको या चिमुकल्या पेल्यातून घेतलेला घोट तोंडात गेल्या गेल्या थोडा निवतो आणि नेमका जिभेच्या सोयीच्या तापमानाला येतो.

नाकाचा हिशेब वेगळा. 50 अंशांना अल्कोहोलचा बाष्पदाब 20 अंशांच्या तुलनेत सुमारे पाचपट होतो. आत्सुकान तोंडाशी नेली की आधी ठसका बसतो तो त्यामुळेच. भरीला आणखी एक गंमत आहे. मिरचीचा तिखटपणा आणि भाजणारी उष्णता या दोन्ही गोष्टी आपल्याला ज्या टीआरपीव्ही1 या ग्राहीमुळे कळतात, तो एरवी 42 अंशांच्या आसपास जागा होतो. अल्कोहोल असेल तर तो 34 च्या सुमारासच जागा होऊ शकतो, असं 2002 च्या एका अभ्यासात आढळलं. त्यामुळे 50 अंशांची साके 50 अंशांच्या पाण्यापेक्षा जास्त चटका देते.

इथे एक गैरसमज निस्तरून टाकू. साके गरम केली की अल्कोहोल उडून जातं, असं पुष्कळांना वाटतं. शुद्ध अल्कोहोल 78 अंशांना उकळतं हे खरं, पण साकेसारखं पाणीच जास्त असलेलं मिश्रण 90 अंशांच्या आसपास उकळतं. अरुंद गळ्याच्या भांड्यात चार मिनिटं 45 अंशांवर ठेवलं तर होणारी घट किरकोळ. तेव्हा ‘गरम आहे, चढणार नाही’ म्हणून दोन पेले जास्त घेणाऱ्यांनी रसायनशास्त्राचा आधार घेऊ नये.

आता तापवण्याकडे वळू. जपानी माप ‘गो’, म्हणजे 180 मिलिलिटर. तोक्कुरी या अरुंद गळ्याच्या सुरईत साधारण एवढी साके मावते. ती 20 वरून 45 अंशांवर न्यायला सुमारे 19 हजार जूल लागतात. 500 वॅटचा मायक्रोवेव्ह ही उष्णता कागदावर 38 सेकंदांत देतो, प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो. मग वेगळा वॉर्मर हवा कशाला? कारण तोक्कुरीचा गळा बारीक असतो आणि मायक्रोवेव्हच्या लहरी त्याला चहूबाजूंनी गाठतात. गळ्यातली साके आधी तापते, तापली की हलकी होते आणि हलकी असल्यामुळे वरच तरंगत राहते. खालच्या गार थराशी ती मिसळतच नाही. पहिला पेला जीभ भाजतो, शेवटचा कोमट निघतो.

जुनी पद्धत ही अडचण येऊच देत नाही. थंडीत थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली आपण गरम पाण्यात उभी करतो, तसंच. पाणी उकळायचं, आच बंद करायची आणि तोक्कुरी खांद्यापर्यंत बुडवून दोन-तीन मिनिटं ठेवायची. भिंतीलगतची साके तापून वर चढते, मधली गार साके खाली उतरते, आणि हे अभिसरण आपोआप चालू राहतं. नीट पाहिलं तर गळ्यातली पातळी हळूहळू वर सरकताना दिसते, कारण तापलेला द्रव प्रसरण पावतो आणि गळा बारीक असल्याने थोडंसं प्रसरणही डोळ्यांना कळतं. म्हणून तोक्कुरी काठोकाठ भरत नाहीत. भोजनगृहांत हे काम सांभाळणाऱ्याला ‘ओकानबान’ म्हणतात. सरावलेला ओकानबान तोक्कुरी उचलून तळाला बोट लावतो आणि तेवढ्यावर ठरवतो.

विजेचा वॉर्मर म्हणजे हा ओकानबान यंत्रात बसवण्याचा प्रयत्न. छोटी टाकी, तिच्या खाली तापणारी तबकडी, पाण्यात उभी राहणारी तोक्कुरी किंवा चिरोरी, म्हणजे मुठीचं धातूचं भांडं, आणि तापमान ठरवणारं बटण. पण एक मेख आहे, आणि बहुतेकांची तक्रार तिथूनच सुरू होते. अशा वॉर्मरमधला थर्मोस्टॅट टाकीतल्या पाण्याचं तापमान पाहतो. साकेचं त्याला काही माहीत नसतं.

समजा पाणी 55 अंशांवर स्थिर आहे आणि साके 20 वर. फरक 35 अंशांचा. हा फरक दर दोन मिनिटांनी निम्मा होतो असं धरलं, तर साके दोन मिनिटांनी 37.5 ला, चारला 46 च्या पुढे आणि सहाला 50 च्या वर पोचते. सुरुवातीला धाव, नंतर रांगणं. 45 ची साके हवी असेल तर चार मिनिटं व्हायच्या जरा आधीच भांडं बाहेर काढायला हवं. विसरलात तर आत्सुकान झालीच म्हणून समजा. याउलट बटण 45 वरच ठेवलं तर चार मिनिटांनी साके जेमतेम 39 ला येते, सहाला 42 ला. वेळ लागतो, पण साके मर्यादेबाहेर फारशी जात नाही. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, निदान गप्पा मारत पिणाऱ्यांसाठी. फक्त साधे थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतात, त्यामुळे पाणी काही अंश वरखाली होतं, हे धरून चालावं. आणि उरलेली साके तासन् तास तशीच तापत ठेवू नये, कारण तेव्हा मात्र वास आणि अल्कोहोल दोन्ही खरोखर उडतात.

दोन मिनिटांचा आकडा मी धरलेला आहे, तो भांड्यावर ठरतो. चिरोरी ही भांडी कथिल, तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियमची असतात. कथिल चिनीमातीच्या कितीतरी पट चांगलं उष्णतावाहक, तांबं त्याहून पुढे. चिरोरीत साके झटकन तापते आणि बाहेर काढल्यावर तितक्याच झटकन निवते. जाड तोक्कुरी तापायला आळशी, पण नंतर उष्णता धरून ठेवते. जाणकार चिरोरीत तापवून गरम पाण्याने विसळलेल्या तोक्कुरीत ओततात, ते याचमुळे.

कोणतीही बाटली घेतली आणि तापवली असं मात्र होत नाही. केळ्या-सफरचंदासारखा वास देणारी एस्टर हा गिंजो प्रकाराचा जीव. तापवल्यावर ती भराभर निघून जातात आणि मागे अल्कोहोल तेवढं जाणवतं. शिवाय गिंजोसाठी तांदळाचा दाणा घासून निदान 40 टक्के भाग काढून टाकतात, दाइगिंजोसाठी निम्मा. प्रथिनं दाण्याच्या बाहेरच्या थरांत जास्त असल्याने अमिनो आम्लंही कमी होतात, म्हणजे उष्णतेने खुलायला ऐवजच कमी. जुन्माई, म्हणजे बाहेरून अल्कोहोल न घातलेली साके, आणि त्यातही किमोतो या जुन्या किंवा 1909 मध्ये विकसित झालेल्या यामाहाई पद्धतीने केलेली साके गरम करायला उत्तम. या पद्धतींत नैसर्गिक जिवाणूंकडून लॅक्टिक आम्ल तयार करवून घेतात. ते आणि सक्सिनिक आम्ल गार असताना बोचरं लागतं, कोमट झालं की गोलाई येते.

तोक्योत नोकरीला असलेल्या भाचीने असा वॉर्मर पुण्याला आणून दिला, तर तो थेट भिंतीतल्या प्लगला लावू नका. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते, आपली 230 ची. तापक तारेतून निघणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 2.3 चा वर्ग 5.29, म्हणजे 300 वॅटचा वॉर्मर इथे जवळजवळ 1,600 वॅट ओढू पाहील आणि साके तापायच्या आत स्वतः जळेल. पूर्व जपानात 50 हर्ट्‌झ आणि पश्चिमेत 60 असा घोळ आहे खरा, पण साध्या तापक तारेला त्याने काही फरक पडत नाही. 230 वरून 100 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तोही वॉर्मरच्या वॅटपेक्षा सढळ क्षमतेचा. तो सहसा वॉर्मरपेक्षा वजनदार असतो. तेवढा खटाटोप नको असेल तर विजेची किटली, खोलगट पातेलं आणि स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर घ्या. स्टीलचा उभा पेला चिरोरीचं काम चोख करतो. थर्मामीटर तेवढा पाण्यात नको, साकेत बुडवा.