आमदारकीची जागा रिकामी झाली: पोटनिवडणूक की नियुक्ती?

एप्रिल 2020. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते, पण आमदार नव्हते. आमदार होण्यासाठी घटनेने दिलेली सहा महिन्यांची मुदत मे अखेरीस संपत होती आणि कोरोनामुळे विधान परिषदेची निवडणूक पुढे ढकललेली होती. राज्यपाल नियुक्त बारा जागांपैकी दोन रिकाम्या होत्या, त्यातल्या एकीवर ठाकरे यांना घ्या, अशी शिफारस मंत्रिमंडळाने केली. लगेच आक्षेप आला: त्या जागांची मुदत तर जूनमध्येच संपते, एक वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर जागा भरायची नसते ना?

हा नियम खरा आहे, पण तो पोटनिवडणुकीचा. तो नियुक्तीला लावला गेला आणि घोळ झाला. हाच घोळ आजही दर वेळी होतो. कुणी आमदार वारला किंवा त्याने राजीनामा दिला की "आता कोण?" हा प्रश्न पहिल्या तासात सुरू होतो. "ही जागा भरतात कशी?" हे मात्र कुणी विचारत नाही, आणि ते विचारल्याशिवाय घेतलेल्या नावांना काही आधार नसतो.

विधानसभेची किंवा लोकसभेची जागा मध्येच रिकामी झाली तर ती भरायचा एकच रस्ता आहे: पोटनिवडणूक. पक्षाला तिथे परस्पर माणूस बसवता येत नाही, राज्यपालांनाही नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 151-अ सांगतं की जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. अपवाद दोनच. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा त्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर. निवडून येणाऱ्याला आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते, नवी पाच वर्षं नाहीत.

म्हणून या रस्त्यावर नावांच्या आधी तारखा बघाव्यात. पुण्याचे खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 रोजी गेले. लोकसभेची मुदत जून 2024 पर्यंत, म्हणजे वर्षाहून जास्त शिल्लक. इच्छुकांची नावं महिनोन्महिने चर्चेत राहिली, पण पोटनिवडणूक लागलीच नाही. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घ्या असा आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि पुणेकर सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. एवढ्या मोठ्या शहराचा लोकसभेतला आवाज वर्षभर बंद राहिला याचं मला आजही वाईट वाटतं. अकोला पश्चिममध्ये उलट घडलं. गोवर्धन शर्मा यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक जाहीर झाली, पण निवडून येणाऱ्याला एक वर्षही मिळणार नाही म्हणून मार्च 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. तोवर घेतली गेलेली सगळी नावं एका दिवसात निरर्थक झाली.

निवडणूक होणार हे नक्की असेल तर पहिलं नाव बहुतेक घरातलंच निघतं: पत्नी, मुलगा, भाऊ. सहानुभूतीची लाट असते असं धरून चालतात. ती कधी असते, कधी नसते. कोल्हापूर उत्तरमध्ये 2022 साली जयश्री जाधव पतीच्या जागी निवडून आल्या. अंधेरी पूर्वला त्याच वर्षी ऋतुजा लटके जिंकल्या. भाजपने उमेदवार मागे घेतल्यावर तिथे दुसऱ्या क्रमांकावर 12,806 मतांसह 'नोटा' होता. पण पंढरपुरात 2021 मध्ये भारत भालके यांचे चिरंजीव भगीरथ हरले आणि भाजपचे समाधान आवताडे आले. पुण्यातल्या कसब्याची गोष्ट तर या विषयात कुणी विसरू नये. मुक्ता टिळक गेल्यावर टिळकांच्या घरातल्या नावांची चर्चा होती. भाजपने तिकीट हेमंत रासने यांना दिलं, आणि जवळपास तीन दशकं पक्षाकडे असलेली जागा मार्च 2023 च्या निकालात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर घेऊन गेले. त्याच दिवशी पुणे जिल्ह्यातल्याच चिंचवडमध्ये मात्र अश्विनी जगताप यांनी पतीची जागा राखली. एकाच जिल्ह्यातले दोन मतदारसंघ, एकाच दिवशी निकाल, आणि एकाचा अंदाज दुसऱ्याला लागू नाही. माझ्या मते तिकीट कुणाला हा एक अंदाज आणि जिंकणार कोण हा दुसरा, आणि बोलताना आपण दोन्ही एकात मिसळतो.

नियुक्तीचं जग वेगळं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत 78 सदस्य. त्यातले 12 राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतलं विशेष ज्ञान किंवा अनुभव ही घटनेतली अट. शिफारस मंत्रिमंडळ करतं, सही राज्यपालांची. मतदार नाही, प्रचार नाही, आचारसंहिता नाही. आणि मुख्य म्हणजे घड्याळ नाही. कलम 151-अ निवडून आलेल्या सदस्यांच्या रिक्त जागांपुरतं आहे. नियुक्तीच्या जागेला ना सहा महिन्यांचं बंधन, ना एक वर्षाचा अडसर.

घड्याळ नसलं की काय होतं ते आपण पाहिलं. महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये बारा नावं राजभवनावर पाठवली. एकनाथ खडसे, राजू शेट्टी, ऊर्मिला मातोंडकर ही नावं सगळ्यांना पाठ झाली होती. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ना हो म्हटलं ना नाही. राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा, असं उच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगूनही यादी तशीच पडून राहिली. सरकार बदललं, यादी परत घेतली गेली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये वेगळ्याच सात जणांनी शपथ घेतली. म्हणजे नावांचा अंदाज शंभर टक्के बरोबर असूनही त्यातलं कुणी राज्यपाल नियुक्त आमदार झालं नाही. पोटनिवडणूक खरंच झाली तर असं होऊ शकत नाही, तिथे निकालाचा दिवस उगवला की कुणीतरी जिंकतंच.

त्यामुळे नियुक्तीबद्दल बोलताना मतदारसंघातली जात, भाग, सहानुभूती यांची गणितं मांडणं म्हणजे भलत्याच वहीत हिशोब लिहिणं. इथे बघायचं ते युतीतल्या पक्षांना वाटणीत किती जागा आल्या, तिकीट नाकारल्यावर कुणाला शब्द दिला होता, आणि राज्यपाल व मंत्रिमंडळ यांचं जमतं की नाही.

परिषदेची प्रत्येक जागा मात्र नियुक्तीची नसते, हेही लक्षात ठेवावं. बाकीच्या 66 निवडणुकीच्याच: 30 आमदारांनी निवडायच्या, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांनी, पदवीधर आणि शिक्षक प्रत्येकी सात. यातली एखादी मध्येच रिकामी झाली तर तिला पोटनिवडणूकच लागते. आमदारांच्या कोट्यातली एकच जागा असेल तर विधानसभेत ज्याचं बहुमत त्याची ती, अंदाज फक्त त्या पक्षातल्या नावाचा उरतो.

ठाकरे यांचा पेच शेवटी नियुक्तीने सुटला नाही आणि पोटनिवडणुकीनेही नाही. राज्यपालांच्या विनंतीनंतर आयोगाने परिषदेच्या रखडलेल्या नऊ जागांची नियमित निवडणूक जाहीर केली, आणि 14 मे 2020 रोजी ठाकरे यांच्यासह नऊही जण बिनविरोध निवडून आले.