पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातले काम कसे सुचवावे

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना थेट कामे सुचवता येतात, आणि ही सोय 2006 पासून आहे. चौकातला पदपथ, बागेतली बाके, बसथांब्याची शेड, पथदिवे, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे यात बसतात. तरीही अनेक अर्ज पहिल्याच पाहणीत बाजूला पडतात. त्याचे मुख्य कारण म्हणजे अर्जात मागणी असते, पण मोजता येईल असे काम नसते.

मुदत आणि पात्रता

आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. त्यामुळे पुढच्या वर्षासाठीचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मागवले जातात. नेमकी तारीख महापालिका दरवर्षी जाहीर करते. जानेवारीत अंदाजपत्रकाच्या बातम्या वाचून जो क्षेत्रीय कार्यालयात (महापालिकेच्या आपल्या भागातल्या कार्यालयात) जातो, त्याला पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते.

महापालिका हद्दीत राहणारा कोणीही अर्ज करू शकतो. शुल्क नाही, नगरसेवकाची शिफारसही लागत नाही. अलीकडच्या वर्षांत एका कामाची मर्यादा 5 लाख रुपये आणि एका प्रभागासाठी एकूण 75 लाख अशी राहिली आहे. त्या वर्षीच्या आवाहनात हे आकडे आधी तपासून घ्या. या हिशेबाने अख्ख्या प्रभागात पूर्ण मर्यादेची जेमतेम 15 कामे बसतात. म्हणून दीड-दोन लाखांत होणारे काम फुगवून मांडू नये. छोटे काम यादीत सहज शिरते.

अर्ज भरताना

नाव, पत्ता, फोन, प्रभाग क्रमांक, कामाचा प्रकार आणि ठिकाण एवढीच माहिती लागते. अर्ज ऑनलाइन किंवा क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. कार्यालयात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

अर्जाचे भवितव्य ठरते ते ‘ठिकाण’ आणि ‘तपशील’ या दोन रकान्यांवर. ‘चौकाचे सुशोभीकरण करावे’ असे लिहिले तर कनिष्ठ अभियंत्याला पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, करता येत नाही, आणि पूर्वगणनपत्रक नाही म्हणजे काम नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘अमुक शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत, रस्त्याच्या डाव्या बाजूस, 40 मीटर लांब व 1.8 मीटर रुंद पदपथाची फरशी बदलणे, दोन्ही टोकांना उतार करणे.’ सोबत नकाशावरची खूण आणि दोन फोटो जोडा, एक जवळून, एक लांबून. ही कागदपत्रे सक्तीची नाहीत, पण पाहणीला आलेला माणूस नेमक्या जागी पोहोचतो तो यांच्यामुळेच.

मापे आपण फीतपट्टीने घ्यावीत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. झाड, विजेचा डीपी बॉक्स, खांब वगळून ती मोजायची. कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. उतार 1:12 प्रमाणात, म्हणजे 15 सेंटिमीटर चढायला 1.8 मीटर लांबी लागते. नेमके इथेच गणित चुकते. पदपथच 1.8 मीटरचा असेल तर आडवा उतार सगळी रुंदी खाऊन टाकतो. अशा ठिकाणी अख्खा पदपथच लांबीच्या दिशेने खाली उतरवावा, असे अर्जात स्पष्ट लिहा. नाहीतर ठेकेदार सिमेंटचा उभा ठोकळा टाकून मोकळा होतो, आणि चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही.

मोठा चौक 5 लाखांत होत नाही हे उघड आहे. त्याचे स्वतंत्रपणे उपयोगी पडतील असे भाग पाडून वेगवेगळे अर्ज द्या: एक उतारांचा, एक बाकांचा, एक दिव्यांचा. अर्धवट राहिले तर निरुपयोगी ठरणारे काम मात्र तोडून मागू नये.

अर्ज कुठे अडतो

जागा महापालिकेच्या ताब्यात नसेल तर विषय संपला. सोसायटीची आतली वाट, खासगी मोकळा भूखंड यावर हा निधी खर्च होत नाही. दुसरी अडचण रस्त्याच्या रुंदीची. 12 मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, तर मोठे रस्ते मुख्य पथ विभागाकडे असतात. अर्ज देण्यापूर्वी रस्ता कोणाकडे आहे ते विचारून घ्या. एकेरी वाहतूक, पार्किंगबंदी, सिग्नल यांसाठी वाहतूक पोलिसांची संमती लागते. झाड तोडायचे किंवा छाटायचे असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. विकास आराखड्यातले आरक्षण बदलायची मागणी तर या अर्जात करूच नये. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 ची वेगळी प्रक्रिया आहे. त्यात हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: त्या रस्त्यावर पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन बदलायची आहे का? नवी फरशी बसली की महिन्याभरात खोदाई, हा प्रकार पुणेकरांना नवा नाही.

अर्ज दिल्यानंतर

क्षेत्रीय कार्यालय पाहणी करून खर्च काढते आणि यादी नगरसेवकांच्या प्रभाग समितीपुढे जाते. निवड तिथे होते, त्यामुळे समितीची बैठक कधी आहे ते विचारून घ्या आणि शेजारपाजारच्या 20-25 जणांच्या सह्यांचे निवेदन आधीच द्या. ज्येष्ठ नागरिक, फेरीवाले, शाळेचे पालक यांच्या सह्या असल्या तर जास्त चांगले. फेरीवाल्यांना न विचारता मांडलेला पदपथ बहुतेक वेळा वादातच अडकतो.

अंदाजपत्रकात नाव आले म्हणजे काम झाले असे नाही. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ करून तो निधी दुसऱ्या कामाकडे वळवला जाऊ शकतो. काहीच झाले नाही तर 31 मार्चला तरतूद संपते. म्हणून ऑक्टोबरमध्ये लेखी विचारणा करावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा आणि चारच गोष्टी मागा: पाहणी अहवाल, पूर्वगणनपत्रक, प्रभाग समितीचा ठराव आणि वर्गीकरण झाले असल्यास त्याचा ठराव. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. ती उलटली की पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करता येते.