श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड

पापड लाटणाऱ्या बायकाच जिच्या मालकीण आहेत, अशी मुंबईत सुरू झालेली संस्था. धंद्यातून समाजाचे भले साधायचे म्हटले की आधी नफा कमवावा आणि मग त्यातला वाटा दानधर्माला द्यावा, असा रिवाज. लिज्जतने हा क्रम मानला नाही. दान घ्यायचे नाही. लाटणाऱ्या हातांकडेच मालकी ठेवायची, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने आणलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विकायला घेतली. वर्षअखेर विक्री ६,१९६ रुपयांवर गेली. मध्ये पावसाळ्याने मात्र खोडा घातला. पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला : वर पापड, खाली स्टोव्ह. काम थांबले नाही.

सुरुवातीला दोन प्रतींचे पापड निघत. स्वस्त माल काढू नका, एकच प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, असे पारेखांनी बजावले. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ मध्ये आले. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली.

दिनक्रम साधा आहे. शाखेत उडदाचे पीठ हिंग, मिरी, पापडखार घालून मळले जाते. बायका सकाळी आदल्या दिवशीचे वाळलेले पापड आणून देतात, तपासणी होते, लाटणावळ म्हणजे ‘वणाई’ हातात पडते आणि त्या नवे पीठ घेऊन घरी जातात. संस्थेत प्रत्येक जण ‘बहेन’. नफातोटा सगळ्यांत सारखा वाटला जातो. काल आलेली आणि वीस वर्षांची जुनी, दोघींचा वाटा एकच. पुरुष पगारी नोकर म्हणून असतात, सभासद म्हणून नाही.

आज सभासद ४० हजारांच्या पुढे आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मराठी घरांत मात्र लिज्जत म्हटले की आधी आठवतो तो ‘कर्रम कुर्रम’ म्हणणारा जाहिरातीतला ससा. तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा.

या पद्धतीचे फार कोडकौतुक होते, पण तिची दुसरी बाजूही आहे. काम घरातच राहते, त्यामुळे चूल आणि मुले सांभाळून कमाई होते. पण चूल आणि मुले बाईकडेच राहतात. शिवाय पीठ घरी न्यायचे तर घर स्वच्छ हवे आणि पापड वाळत घालायला जागा हवी. मुंबईच्या एका खोलीच्या संसारात ही दुसरी अट कठीण. जागा नसलेल्या बायकांना शाखेतच पीठ मळण्याचे किंवा पाकिटे भरण्याचे काम मिळते.